दोरीचं अलीकडचं टोक

अंकुश दहिफळे लग्नाला गेला की नवरा-नवरीकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी तो आहेराच्या टेबलाखाली वाकतो, मग मांडवाच्या कडेने ठेवलेल्या पिशव्यांवरून नजर फिरवतो, आणि एखादी पिशवी एकटी दिसली की तिच्यापासून लांब उभा राहून खणखणीत आवाजात विचारतो, "धनी कोन?" धनी सापडेपर्यंत तो अक्षता टाकत नाही. माझ्या मेव्हणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्याने व्याह्यांना उठवून त्यांची पानसुपारीची पिशवी ओळखायला लावली होती. व्याही अजून माझ्याशी तुटक बोलतात.

अंकुश पोलीस शिपाई, मी हवालदार. एकाच ठाण्यात नोकरी आणि पोलीस लाईनीत भिंतीला भिंत लागून शेजार. कागदावर आमचं शहर आता अहिल्यानगर झालंय, बोलताना जीभ अजून नगरच म्हणते. मी संगमनेरकडचा, दुधातुपातला. तो पाथर्डीच्या कोरड्या भागातला. त्याचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे आणि याला चुलत्याकडे ठेवून जायचे. ते दोघंही आता नाहीत. चुलत्याशी बोलणं नाही. लग्न झालेलं नाही, आणि त्याचा दोष मी सरळ त्याच्यावरच ठेवतो. शेवगावला मुलगी बघायला मीच त्याला घेऊन गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा हा गृहस्थ कॉटखालच्या ट्रंकेकडे बघत होता. व्हायचं तेच झालं, त्याने ट्रंकेचा धनी विचारला. मुलीचे वडील म्हणाले, "धनी मीच हाय पाव्हणं. तुमी निघा आता."

या सगळ्या वेडाचं मूळ एकच होतं. अंकुशला बॉम्बशोधक पथकात जायचं होतं.

लोकांना वाटतं, अशा पथकात जायला मोठा वशिला लागतो. उलट आहे. तिथे जायला कुणी फारसं तयारच नसतं. पहिली अट हीच, की माणसाने आपणहून म्हटलं पाहिजे, मला यायचंय. मग बाकीचं बघतात. काही वर्षं नोकरी झालेली हवी, पण वय उतरलेलं नको. खात्याची चौकशी मागे लागलेली नको. डोळे चांगले हवेत, रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, कारण तिथे लाल आणि तपकिरी वायरीत घोटाळा करून चालत नाही. रक्तदाब ठिकाणावर हवा. विज्ञान शाखा असेल तर उत्तम. यातून निभावलात तर मैदानावरची परीक्षा, आणि तीही पार पडली तर पुण्याला लांबलचक प्रशिक्षण.

अंकुश कला शाखेचा. पण गडी हटला नाही. साप्ताहिक सुट्टीला तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसायचा आणि तिथल्या मिस्त्रीला प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. हात स्थिर राहावा म्हणून बशीत काठोकाठ चहा ओतून जिना चढायचा. लाईनीतल्या सगळ्या बायकांच्या सुया ओवून द्यायचा. माझी बायको सुनंदा भाजी निवडायला बसली की हा चिमट्याने मेथीची पानं खुडून द्यायचा, एकेक, श्वास रोखून. त्या मेथीची भाजी आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळायची.

पहिल्या खेपेला कागदावरचं सगळं जमलं आणि मैदानावर बोलावणं आलं. बघे म्हणून उभं राहायला आम्हा काही जणांना मुख्यालयात नेलं होतं. मैदानाच्या मधोमध एक रेक्झिनची बॅग. आत काय आहे ते फक्त पथकाच्या साहेबांना ठाऊक. अलीकडे, बऱ्याच अंतरावर, वाळूच्या पोत्यांची भिंत. काम असं होतं: अंगात जड सूट चढवायचा, एकट्याने बॅगेपर्यंत जायचं, तिच्या बंदाला लोखंडी आकडा अडकवायचा, आकड्याला बांधलेली दोरी सोडत पोत्यांमागे परत यायचं, आणि मग तिथून दोरी ओढून बॅग हलवायची. हलल्यावर उडायची असेल तर ती तेव्हा उडते.

खोटी बॅग आहे हे माहीत असूनही मी दोन पावलं मागे सरकलो. अंकुश मात्र देवळात जावं तसा गेला. गुडघ्यावर बसला, बॅगेला धक्का न लावता आकडा अडकवला. साहेबांनी मान डोलावली. आता तो उठून परत येणार म्हणून आम्ही बघत राहिलो. तो उठलाच नाही. होता तिथेच, बॅगेच्या शेजारी बसून, त्याने दोरी हातात घेतली आणि ओढली.

साहेब पोत्यांमागून बाहेर आले आणि परत का आला नाहीस, एवढंच त्यांनी विचारलं. अंकुश म्हणाला, जवळून ओढल्यावर हाताला नीट समजतं.

"निम्मं काम पुढे जायचं असतं, निम्मं परत यायचं," साहेब म्हणाले. "तू निम्म्यावर थांबलास. घरी कोण आहे तुझ्या?"

अंकुशचा चेहरा उजळला. हा प्रश्न येणार हे त्याने धरलं होतं, आणि त्याच्या हिशेबाने त्याची सगळ्यात मोठी लायकी हीच होती.

"कोनच न्हाई सर. म्हनून तर मला घ्या. मागं रडायला कुनी न्हाई."

साहेबांनी त्याच्या हातातून दोरी घेतली. "मग नाही घेता येणार तुला. घरी ज्याची कुणी वाट बघतं, तो माणूस वायरीला हात लावायच्या आधी दहादा विचार करतो. मला तसा माणूस हवा. पुढच्या वेळी ये."

पुढची वेळ म्हणजे शेवटची. त्यानंतर तो वयाच्या अटीत बसणार नव्हता.

घरी येऊन मी हे सुनंदाला सांगितलं. वाटलं होतं हळहळेल, पण ती भडकलीच. भिंतीवर मूठ आपटून तिने त्याला बोलावून घेतलं आणि दारातच झापलं. मागं कुणी नाही म्हणजे काय, इतकी वर्षं मेथी कुणाची खुडत होतास, असं तिने विचारलं. अंकुश मान खाली घालून उभा. उद्यापासून खानावळ बंद, रात्रीचं जेवण इकडे, आणि तू आल्याशिवाय कुणी जेवणार नाही, असा हुकूम तिने काढला.

'कुणी' म्हणजे मी. तिला एकादशीपासून चतुर्थीपर्यंत सगळ्या उपासांची सवय आहे. मला नाही. सुरुवातीला अंकुश बंदोबस्तावरून फोन करायचा, "वहिनी, तुमी जेवून घ्या, माजं काय खरं न्हाई." ती बरं म्हणून फोन ठेवायची आणि ताटं पालथी घालून बसायची. मी वरणाच्या वासावर बसून राहायचो. एकदा तो उशिरा आला, झाकलेली तीन ताटं बघितली आणि दारातच थबकला. आजवर कुणी त्याच्यासाठी उपाशी थांबलं नसावं. त्या दिवशी तो भाकरी फार सावकाश खात होता. मग हळूहळू ड्युटी संपली की तो चौकात रेंगाळेनासा झाला. बेवारस पिशव्या सुटल्या नाहीत, पण त्यांचे धनी तो आता घाईने शोधायचा.

दुसऱ्या खेपेला मैदानावर तो आकडा लावून उठला, दोरी सोडत सोडत सगळं अंतर चालून पोत्यांमागे आला, आणि मग ओढली. घरी कोण आहे, हे साहेबांनी पुन्हा विचारलं. "शेजारी हायेत सर," तो म्हणाला, "जेवायचं थांबत्यात." त्याची निवड झाली, पुण्याचं प्रशिक्षण झालं, आणि तो पथकात रुजू होऊन परत नगरला आला.

यानंतर घाबरायची पाळी आमची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते आलं मागच्या आठवड्यात. बसस्थानकावर एका बाकाखाली निळी बॅग सापडली. चेनमधून वायर बाहेर लोंबत होती. ध्वनिक्षेपकावरून ओरडून ओरडून नियंत्रकाचा घसा बसला, पण धनी काही पुढे आला नाही. श्रीगोंद्याची गाडी फलाटावरून मागे घेतली, माणसं हटवली. गर्दी अडवायला मी होतो. पथकाची गाडी आली आणि त्यातून सूट चढवलेला माणूस उतरला. डोक्यावरच्या काचेतून तोंड दिसत नव्हतं, पण चाल ओळखीची होती.

तो एकटा पुढे निघाला. मी गर्दीकडे तोंड करून उभं राहायला हवं होतं. नाही राहवलं. तो गुडघ्यावर बसला, आणि मला त्या मैदानावरच्यासारखंच वाटायला लागलं, की हा आता उठणारच नाही. माझ्या मागे एक बाई जपासारखं काहीतरी पुटपुटत होती. मी मनात त्याला शिव्या घालत होतो. ऊठ, मर्दा, ऊठ. तो उठला. दोरी सोडत, एकेक पाऊल टाकत अलीकडे आला. पण मैदानावर आला तसा सरळ नव्हता आला. दोनदा मध्येच थांबला. नियंत्रकाच्या खोलीच्या भिंतीआड बसला आणि त्याने दोरी ओढली.

बॅग बाकाखालून फरफटत बाहेर आली, उलटी झाली आणि तशीच पडून राहिली. काही वेळाने उघडली तेव्हा आत मोबाईलचा चार्जर, दोन साड्या आणि पोरीचा फ्रॉक निघाला. दवाखान्यात गेलेली एक म्हातारी धापा टाकत आली आणि बॅग कुणी उलटीपालटी केली म्हणून आमच्यावरच उखडली. मी हसत सुटलो. हसताना डोळ्यांना पाणी आलं ते पुसायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी तो जेवायला आला. सुनंदाला सगळं कळलेलं होतं, पण तिने विषय काढला नाही. पिठलं वाढलं. अंकुश ताटाकडे बघत बसला. बरं नाही का, म्हणून तिने विचारलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "वहिनी, आज भ्या वाटलं. लई. आजवर कदी वाटलं न्हवतं."

सुनंदा भाकरी थापता थापता थांबली. मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, तेवढ्यात तो मान वर करून आमच्याकडे बघून हसला, अगदी पोरासारखा.

"लई बरं वाटलं," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.