वेसचे सहा ठिपके

मेलेल्या मित्राची वस्तू चारचौघांत न्यायची तर निदान पुसून न्यावी, एवढाच ड्वेन होर्वाटचा हेतू होता. वस्तू म्हणजे वेस टोथचा गिटारचा ॲम्प, आवाज मोठा करायचा डबा. काळा, अवजड, नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराचा, आत जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह. त्यावर तीस वर्षांच्या सिगरेटींचा पिवळा थर, बिअरच्या डब्यांची वर्तुळं आणि एका कोपऱ्यात जळकी खूण. ड्वेन हायस्कूलमध्ये सफाईचं काम बघायचा. शाळेच्या दारांवर पोरं जे काही लिहून ठेवतात ते घालवायला त्याच्याकडे एक फवारा होता, आणि या फवाऱ्यापुढे काही टिकत नाही असं तो अभिमानाने सांगायचा. गुरुवारी दुपारी त्याने ॲम्प गॅरेजमधल्या टेबलावर ठेवला, पुढची सहाही बटणं उपसून काढली, फवारा मारला, फडक्याने खसाखसा पुसलं, बटणं पुन्हा बसवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. ॲम्प नवाकोरा दिसत होता. मग त्याच्या लक्षात आलं की ठिपकेही गेले.

प्रत्येक बटणाशेजारी नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता. बटणावरची रेघ त्या ठिपक्यासमोर आणली की वेसचा आवाज निघायचा. ‘बरिअल शिफ्ट’ हा वेस आणि ड्वेनचा बँड ओहायोतल्या यंगस्टाउनमध्ये कधी एक हॉलसुद्धा भरू शकला नव्हता. पण फिनलंडमध्ये आणि ब्राझीलमध्ये त्या आवाजावर जीव टाकणारी माणसं होती. तसे ॲम्प पुढे शेकड्याने आले. आता तर अख्खा ॲम्प लोक कॉम्प्युटरमध्येच घालतात. तरी हेवी मेटल संगीत वाजवणारा माणूस पन्नाशीला आला की फिरून याच काळ्या डब्यापाशी येतो, कारण आवाज फाटावा तर याच्यातच फाटावा. आणि डबा सगळ्यांकडे असला तरी वेससारखा कुणाचा वाजत नाही, हेही तो कबूल करतो. कोरडा, घट्ट, दात खाऊन बोलल्यासारखा आवाज. ते सगळं त्या सहा ठिपक्यांत होतं, आणि ते सहा ठिपके आता ड्वेनच्या फडक्यात होते.

वेसला घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. शेवटचे आठ महिने तो पाटीवर लिहून बोलायचा, आणि लिहायचा तेही दोन दोन शब्द. त्याची बायको नॅडीन ड्वेनकडे ॲम्प सोपवताना रडली नव्हती, पण तळघराच्या पायरीवर बसूनच बोलली होती.

“शेवटच्या दिवशी पाटीवर ‘वाढव’ लिहिलं,” ती म्हणाली. “फोनवर त्याचंच गाणं लावलं होतं मी, हळू. मला वाटलं औषध म्हणतोय. नर्सनं औषध वाढवलं. मग काय, झोपला तो झोपलाच. गळ्यातला आवाज गेला तो गेला रे. या डब्यातला तेवढा शनिवारी शोकसभेत एकदा ऐकव. एकच गाणं. आणि ते ठिपके तेवढे सांभाळ.”

हे ड्वेनला आत्ता आठवलं. त्याने फडकं उलगडून पाहिलं. त्यात नुसता पिवळा चिकटा होता.

तासाभरात मार्व्ह आला. मार्व्ह पेट्रोस्की बँडचा ड्रमर, म्हणजे त्याचा उजवा कान गेलेला आणि डावा जाण्याच्या बेतात. दोघांनी आधी जुने फोटो काढले. खोकाभर फोटो होते, पण एकाही फोटोत बटणं दिसेनात. कुठे बटणांपुढे बिअरचा डबा, कुठे वेसचे केस. फ्रिजवर लावलेल्या फोटोत ॲम्प अगदी जवळून आला होता, तर त्यावर वेस बसला होता आणि बटणांपुढे त्याची पोटरी होती.

“अरे, फोटो कशाला पाहिजे?” मार्व्ह म्हणाला. “मला वेसनं स्वतः सांगितलंय. सगळं पूर्ण. सहाच्या सहा बटणं शेवटपर्यंत.”

“ठिपके तिरके होते, मार्व्ह. मला अंधुक आठवतंय.”

“तीस वर्षं तू त्याच्या डावीकडे उभा राहिलास. तुला सगळं तिरकंच दिसणार.”

त्यांनी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि ड्वेनने वेसची गिटार जोडून एक झंकार घेतला. पत्र्याच्या पिंपात कुणी खिळे ओतावेत तसं झालं. खुंट्यांवर टांगलेली हत्यारं खाली आली आणि शेजारच्या बाईंनी कुंपणापाशी येऊन काही अपघात झाला का म्हणून विचारलं. मार्व्हचं म्हणणं पडलं की गॅरेज लहान आहे, हॉलमध्ये आवाज मोकळा होईल. ड्वेनला ते पटलं नाही. पण वेसने खुद्द सांगितलंय यापुढे काय बोलणार?

तरी त्याला चैन पडेना. अशा ॲम्पवाल्यांची इंटरनेटवर एक चावडी आहे. तिथे त्याने टोपणनावाने विचारलं की एका दिवंगत मित्राच्या ॲम्पच्या खुणा चुकून पुसल्या गेल्या, तर बटणं साधारण कुठे असावीत? सोबत ॲम्पचा फोटो टाकला. रात्रीचं जेवण होईपर्यंत शंभराच्या वर उत्तरं आली. मधल्या पट्टीचं बटण शून्यावर हवं की पाचावर, यावरून फिनलंडमधल्या एकाने ब्राझीलमधल्या एकाची आई काढली. कुणी म्हणालं व्हॉल्व्ह बदल, कुणी म्हणालं वीज बदल, ओहायोतल्या विजेत दम नाही. एकाने फक्त ‘वाईट वाटलं’ एवढंच लिहिलं, ते वाचून ड्वेनला आणखीच वाईट वाटलं. आणि शेवटी एका महाभागाने कोपऱ्यातली जळकी खूण ओळखली. हा तर बरिअल शिफ्टचा ॲम्प. कुठल्या गाढवाने पुसला?

शुक्रवारी सकाळी शोकसभेचा पत्ता त्या चावडीवर झळकला. आता बातमी नॅडीनपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? दुपारच्या सुट्टीत ड्वेन शाळेच्या गणवेशातच औषधाच्या दुकानात गेला आणि पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली घेऊन आला. काउंटरवरच्या मुलीने भेट म्हणून बांधून देऊ का विचारलं, तर तो नाही म्हणाला, माझ्यासाठीच आहे. मग घरी येऊन त्याने एक डोळा मिटून, मार्व्हच्या भरवशावर, सहा बटणांच्या शेवटी सहा पांढरे ठिपके दिले. बाहेरची माणसं काहीही बोलोत, नॅडीनला ठिपके दिसले म्हणजे झालं.

शनिवारी दोन वाजता स्लोव्हाक मंडळींचा हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता. कोबी-नूडल्स, हॅम, भिंतीलगत कुकीजचं लांबलचक टेबल, आणि बायकांच्या घोळक्यापलीकडे काळ्या टीशर्टातली पंधरा-वीस अनोळखी माणसं. ती शोक करायला आली होती हे खरं, पण शोक करता करता माना उंचावून ॲम्पच्या बटणांकडे बघत होती. एक जण तर कॅनडातून गाडी चालवत आला होता. पाद्र्यांनी वेसच्या शांत स्वभावाबद्दल चार शब्द सांगितले. आठ महिने तो खरोखरच शांत होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

मग ड्वेन गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला. पुढच्या रांगेत नॅडीन हात मांडीवर ठेवून बसली होती. ड्वेनने मनातल्या मनात वेसची माफी मागितली आणि वाजवायला लागला.

हॉलमध्ये आवाज मोकळा झाला, हे मार्व्हचं भाकीत खरं ठरलं. गॅरेजमध्ये जे पिंपात होतं ते आता सगळीकडे झालं. गाणं ओळखू येईना. एका म्हातारीने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर ग्लासांनी किणकिणाट मांडला. आठ-दहा ठेक्यांनंतर ड्वेनचे हात आपोआप थांबले. मार्व्हला ऐकू न आल्यामुळे तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला. काळ्या टीशर्टांतून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, “हा वेस नाही.”

नॅडीन उठून ॲम्पपाशी आली. वाकून तिने ठिपके पाहिले.

“हा माझा रंग नाही,” ती म्हणाली. “माझा मोतिया गुलाबी होता.”

ड्वेनला वाटलं होतं तो पांढराच होता, धुराने पिवळा पडलेला. त्याने मग काहीच लपवलं नाही. फवारा, फडकं, बाटली, मार्व्ह, सगळं सांगून टाकलं. “तुझ्याकडे तेवढंच राहिलं होतं, नॅडीन. आणि ते मी पुसलं.”

नॅडीन हॉलमधून सरळ चालत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात, ग्लासांच्या फळीकडे तोंड करून उभी राहिली.

“वाजव,” ती तिथून म्हणाली. “आणि मी सांगते तसं फिरव. गेनचं बटण कमी कर. अजून. अरे, घाबरतोस काय, अजून. आता मधलं केसभर मागे. खर्ज थोडा कमी. थोडा म्हणाले मी.”

ड्वेन एका हाताने तार छेडत दुसऱ्याने बटणं फिरवत होता. ग्लास आधी खळखळत होते, मग नुसते किणकिणू लागले, मग कडेचा एकच काय तो थरथरत राहिला. नॅडीनने बोट वर केलं. ड्वेनने टिपेचं बटण केसभर मागे आणलं. ग्लास गप्प झाले, आणि त्याच क्षणी ॲम्पमधून वेस आला. कोरडा, घट्ट, दात खाऊन. कॅनडातला माणूस तोंडावर टोपी धरून रडायला लागला. ड्वेनने गाणं शेवटपर्यंत वाजवलं, आणि तीस वर्षांत प्रथमच एकही चूक केली नाही.

गाणं संपल्यावर नॅडीन परत आली.

“आमच्या तळघराच्या बरोबर वर काचेचं कपाट आहे ना,” ती म्हणाली. “त्यात माझ्या आजीचे ग्लास. तो खाली वाजवायला लागला की नाचायचे. ठिपके त्यानं माझ्याकडूनच लावून घेतले होते, सगळे शेवटाला. तो कामावर गेला की मी पुसून थोडे अलीकडे लावायचे. केसाएवढे. मग पोर झालं, तेव्हा आणखी थोडे. ग्लास वाजेनासे झाले तेव्हा थांबले. चष्मा घालायला लाजायचा, त्याला काय कळणार? सगळं पूर्ण आहे असं जगाला सांगत फिरला.”

काळ्या टीशर्टांमध्ये एक जण वहीत बटणांचे आकडे उतरवत होता, तो मध्येच थांबला.

“म्हणजे हा आवाज,” ड्वेन म्हणाला.

“माझा आहे,” नॅडीन म्हणाली. “त्याचा मी कधी वाजूच दिला नाही.” तिचा चेहरा पडला होता. तीस वर्षं ज्या गोष्टीवर नॅडीन मनातल्या मनात खूश होती, ती तिने आज पहिल्यांदाच मोठ्याने बोलून ऐकली होती. “तू आधी वाजवलंस ते कसं होतं? बटणं कुठे होती?”

“शेवटाला. सगळी.”

“तसंच कर परत.”

“नॅडीन, फार भयंकर वाजतं गं ते.”

“माहितीये. पाटीवर काय लिहिलं होतं त्यानं? मी तेव्हाही चुकीचं वाढवलं.” ती पुढच्या रांगेत जाऊन बसली, हात मांडीवर ठेवले. “वाढव.”

ड्वेनने सहाही बटणं आपल्या पांढऱ्या ठिपक्यांपर्यंत नेली. मार्व्हने काठ्या उचलल्या. कॅनडातला माणूस दाराकडे सरकला. पहिल्याच फटक्याला स्वयंपाकघरातला कडेचा ग्लास खाली आला, मग त्याच्या शेजारचा, मग अख्खी फळी. बायका धावल्या. नॅडीनने मागे वळूनही पाहिलं नाही.