चाळीस सेकंदांची ओळख

"ताई, लिहून ठेव! या इमारतीत माझ्यासारखी खरेदी कुणी केली नाही आणि पुढेही कुणी करणार नाही!"

तपशीलराव फोनवर हे बोलले तेव्हा त्यांची छाती एवढी फुगली होती, की शर्टाचं तिसरं बटण जीव मुठीत धरून बसलं होतं!

तपशीलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे हं. खरेदी विभागात कुणी साधा स्टेपलर मागायला आलं, तरी हे म्हणणार, "आधी तपशील पाठवा." म्हणून खोलीतल्या तिघांनी मिळून हे नाव ठेवलं. मग झालं काय, तिघांपैकी एकाची बदली झाली, एकीने नोकरी सोडली आणि उरलेले काका निवृत्त झाले. सहाव्या मजल्यावरच्या त्या मागच्या खोलीत आता टेबलं चार, खुर्च्या चार आणि माणूस एक! हाक मारणारं कुणी उरलं नाही, नाव तेवढं राहिलं. कधीकधी ते डबा घेऊन दुसऱ्याच टेबलावर बसायचे. तेवढाच बदल!

अशात वरून आदेश आला. सगळ्या संस्थेसाठी संगणकांचे सहाशे चाळीस नवे स्क्रीन घ्यायचे, आणि घेताना पर्यावरणाचा विचार करायचा. तपशीलरावांना वाटलं, हीच ती वेळ! आता लोक जिने चढून येतील आणि विचारतील, "अहो, ही एवढी छान खरेदी केली तरी कुणी?"

तीन महिने ते अटी लिहीत होते. स्क्रीन स्क्रूने उघडणारा हवा, डिंकाने चिकटवलेला नको, म्हणजे दुरुस्त करता येईल. थर्माकोल चालणार नाही. जुने स्क्रीन कंपनीनेच परत न्यायचे आणि त्यांचं पुढे काय केलं, ते लेखी कळवायचं. प्रत्येक गोष्टीला गुण! आणि सगळ्यात जास्त गुण कशाला? तर समोर माणूस नसेल तर स्क्रीनने आपोआप झोपायचं, याला. जितक्या लवकर झोपेल तितके गुण जास्त!

"पण लोक ती सोय बंद करून टाकतील हो," साहेब म्हणाले.

"कसे करतील?" तपशीलराव हसले. "मी अट घातलीय ना! कुलूप कंपनीकडे. माझी सही असल्याशिवाय उघडणारच नाही!"

स्क्रीन आले. चाळीस सेकंदांत झोपणारे. पहिल्या नंबराचे!

पहिल्याच दिवशी तपशीलराव नव्वद पानांचा करार स्क्रीनवर वाचायला बसले. आता या माणसाची एक गंमत आहे. वाचायला बसला की हा हलत नाही. अगदी कपाटासारखा बसतो! चाळीस सेकंद झाले आणि स्क्रीन काळा. समोर कुणीच नाही, असं त्याचं ठाम मत!

"अरे, मी आहे की इथे!" तपशीलराव त्याला म्हणाले.

स्क्रीन ढिम्म. मग त्यांनी हात हलवला. स्क्रीन उजळला. पासवर्ड टाकला, दीड परिच्छेद वाचला, पुन्हा अंधार. पुन्हा हात. दुपारपर्यंत त्यांना सवयच लागली. उजव्या हाताने पान सरकवायचं, डावा हात वर करून टाटा!

आणि असाच टाटा करताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली.

मधल्या मोकळ्या जागेपलीकडे इमारतीची दुसरी बाजू आहे. तिथल्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. निळा स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा. खिडकीच्या कट्ट्यामुळे खांद्यापासून वरच्याच दिसत होत्या. आणि त्या हात हलवत होत्या. थेट यांच्याकडे तोंड करून!

तपशीलरावांनी मागे वळून पाहिलं. मागे तीन रिकाम्या खुर्च्या. म्हणजे हात आपल्यालाच!

त्यांनी पुन्हा हात केला. थोड्या वेळाने पलीकडूनही हात आला. संध्याकाळी ऑफिस सुटल्या सुटल्या ताईला फोन!

"ताई, एक जण रोज मला हात करते! म्हणजे आजपासून!"

"कोण रे?"

"समोरची."

"समोरची म्हणजे? नाव काय?"

"ते अजून कळलं नाही. पण काय वक्तशीर आहे! बरोबर चाळीस सेकंदांनी हात करते. मन जुळलं की असंच होतं!"

ताई म्हणाली, "बाळा, आधी जाऊन नाव विचार. मन नंतर जुळव."

पण जाणार कसं? नोकरीच्या अकरा वर्षांत हा माणूस आपणहून कुणाच्या टेबलापाशी गेला नव्हता. लोकच अर्ज घेऊन यायचे, आणि हल्ली अर्जसुद्धा ईमेलने यायचे. खिडकीतून बरं होतं. हात करायचा, हात घ्यायचा. केसांना तेल लागलं, इस्त्रीचा शर्ट आला. करार वाचून संपला तरी तपशीलराव टाटा करतच होते!

इकडे इमारतीत मात्र हलकल्लोळ! सभागृहात मोठे साहेब भाषण ऐकवत होते, लोक मन लावून स्तब्ध ऐकत होते, आणि स्तब्ध म्हणून पडदा काळा! दवाखान्यात दुखऱ्या खांद्यांची रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टने तर कहर केला. तिने टेबलावर पंखा ठेवला आणि त्याला कागदाची पट्टी बांधली. स्क्रीनसमोर दिवसभर फडफड! मग मजल्यावरच्या सगळ्यांनी पंखे आणले. वीज वाचवणारे स्क्रीन जागे ठेवायला शंभर पंखे!

साहेबांचा फोन आला. "अहो, विजेचं बिल वाढलंय! कंपनीचा इंजिनीअर येऊन बसलाय. एक सही करा, तो चाळीस सेकंदांची दहा मिनिटं करून टाकेल."

तपशीलरावांनी खिडकीकडे पाहिलं. दहा मिनिटं! म्हणजे मग हात हलवायचं कारणच उरणार नाही. उगाच कसा हात करणार? भलं माणूस काय म्हणेल?

"अभ्यास चालू आहे, साहेब."

"कसला अभ्यास?"

"तांत्रिक!"

असे बारा दिवस त्यांनी काढले, मंडळी. एका टाटासाठी सगळी इमारत वेठीला! रोज सकाळी इंजिनीअर दारात उभा राहायचा, "साहेब, आज?" आणि हे म्हणायचे, "उद्या बघू." तेराव्या दिवशी साहेब गरजले, "आज दुपारी तीनपर्यंत सही नाही झाली, तर मीच वर येतो!"

तपशीलराव उठले. आता नाव विचारायलाच हवं होतं. मधे पूल नाही, म्हणून सहा मजले उतरले, अंगण ओलांडलं आणि सहा मजले चढले. वाटेत वाक्य पाठ केलं. "नमस्कार, मी समोरचा." वर पोचेपर्यंत धाप एवढी, की वाक्यातला फक्त "न" शिल्लक!

दार उघडलं आणि ते जागीच थांबले.

लांबच लांब दालन. रांगेने चाळीस टेबलं. आणि चाळीसही माणसं हात हलवत होती. कुणी फोनवर बोलता बोलता, कुणी जांभई देता देता, एक जण तर डोळे मिटून! जणू सगळं दालन एखाद्या सुटणाऱ्या गाडीला निरोप देत होतं. निळा स्वेटर खिडकीपाशी. मान फायलीत, डावा हात हवेत, स्क्रीनसमोर. वर बघण्याचं नाव नाही.

"काय काम होतं?" त्यांनी हात हलवतच विचारलं.

"मी... समोरच्या खोलीतला."

"कुठली खोली?"

तपशीलरावांनी खिडकीतून बोट दाखवलं. पलीकडे त्यांची खिडकी दिसत होती. काळी, गप्प. वीज वाचावी म्हणून ते दिवसा दिवा लावत नसत ना!

"ती?" बाईंना खरंच नवल वाटलं. "तिथे माणूस बसतो होय? आम्हाला वाटलं, गोदाम आहे!"

"बसतो एक जण."

"अरेरे." बाईंचा आवाज मऊ झाला. मग एकदम चिडून म्हणाल्या, "बरं, हे दळभद्री स्क्रीन कुठल्या शहाण्याने घेतले, काही कल्पना आहे तुम्हाला? माझा खांदा गेला हो!"

तपशीलरावांनी कपाळ पुसलं. "चौकशी करतो," ते म्हणाले. आणि नाव न विचारताच वळले.

पुन्हा सहा मजले खाली, सहा मजले वर. इंजिनीअर दारातच होता. तपशीलरावांनी कागद ओढला आणि सही केली.

"साहेब, बदलाचं कारण लिहावं लागेल. ही अट तुमचीच आहे."

त्यांनी लिहिलं, 'गैरसमज.'

"कुणाचा?"

"माझा. चल, बटण दाब."

इंजिनीअरने लॅपटॉपवर बटण दाबलं. तपशीलराव खिडकीशी उभे होते. पलीकडे निळ्या स्वेटरच्या मागे, जिथे आजवर त्यांची नजरच गेली नव्हती, तिथे एक हात खाली गेला, मग दुसरा, मग रांगच्या रांग. निळ्या स्वेटरने खांदा चोळला, चष्मा वर सरकवला आणि पान उलटलं.

इकडे मात्र एक हात अजून हवेत होता.

"साहेब, झालं काम," इंजिनीअर हळूच म्हणाला. "आता हात हलवायची गरज नाही."

"माहितेय रे," तपशीलराव म्हणाले. "खांदा मोकळा करतोय."