वधू पाहिजे. पुरावा काय?

गोविंदराव दफ्तरदारांनी धाकट्या चिरंजीवांच्या लग्नाची जाहिरात लिहायला घेतली, तेव्हा घरात टीव्ही लावायला बंदी झाली. त्यांच्या पूर्वजांनी दरबारची दफ्तरं सांभाळली होती आणि स्वतः त्यांचा जन्म सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागात गेला होता. दूधवाल्यासाठी 'उद्या नको' अशी चिठ्ठी लिहिली तरी ते तिची नक्कल ठेवत. वरचा कागद पाठवायचा, खालचा दफ्तरी लावायचा, हा त्यांचा नियम होता.

जाहिरात ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या मासिक पत्रिकेत जायची होती. शंतनु चौतिशीला आला होता. तीन वर्षं स्थळं येत होती, पोहे खात होती आणि जात होती. त्याच्या आईने, इंदुताईंनी, हाय खाल्ली होती. "या वर्षी नाही जमलं, तर मुलगा असाच राहायचा हो," असं त्या देवापुढे म्हणत आणि देव ऐकत नाही असं वाटलं की गोविंदरावांपुढे म्हणत. शंतनुला मात्र कोणी काही विचारत नसे. तो बिचारा नोकरीवरून येई, जेवे आणि हजीरा चौकाकडे मित्रांत जाऊन बसे.

"ऐका," गोविंदराव घसा साफ करून म्हणाले. "'पिढीजात दरबारी, अत्यंत सुसंस्कृत व घरंदाज दफ्तरदार कुळातील, उंच, गोरा, बुद्धिमान, निर्व्यसनी, शुद्ध शाकाहारी मुलगा, वय चौतीस, राहणार ग्वाल्हेर, इंजिनियर. यास तशाच तोलाच्या घरातील, गोरी, सुस्वरूप, सोज्वळ, शुद्ध मराठी बोलणारी वधू पाहिजे. लढवय्या घराण्यांनी व इतरांनी तसदी घेऊ नये.'"

"लढवय्या कशाला घातलंत मध्येच?" इंदुताईंनी विचारलं.

"अगं, त्यांच्याकडे भिंतीवर तलवारी असतात. उद्या नवराबायकोचं वाजलं तर?"

शंतनु पोळी मोडता मोडता म्हणाला, "बाबा, एवढी तारीफ कशाला? लोग हँसेंगे."

"तू जेव," गोविंदराव म्हणाले.

ताटं वाढणारी थोरली सून प्रांजली गालातल्या गालात हसत होती. दर रविवारी ती शेजारपाजारच्या मुलांना मराठी शिकवत असे. इथली मुलं घरात मराठी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदीत शिरतात, म्हणून हा वर्ग. त्या आठवड्याचा धडा होता मजकुराचे प्रकार: बातमी कशी ओळखायची, जाहिरात कशी, मत कुठलं, माहिती कुठली आणि लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह कुठे लपलेला असतो. सासऱ्यांची जाहिरात ऐकून तिला वाटलं, आपला धडा आयता ताटात वाढून आला.

तिने फाइलमधली खालची नक्कल हळूच काढून वर्गात नेली. मुलांनी लाल पेन्सिलीने एकेक शब्द कापायला सुरुवात केली. 'सुसंस्कृत' हे मत, काट. 'बुद्धिमान' मत, काट. 'गोरा' तर मुलांनी शंतनुकाकाला पाहिलेलंच होतं, काट. 'निर्व्यसनी', 'शाकाहारी', पुरावा नाही, काट. वधूची विशेषणंही काट. 'लढवय्या' वाक्य पूर्ण काट. प्रांजलीने समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पुरावा काय?' आणि मजकूर कोणासाठी आहे हे शोधायला शिकवावं म्हणून खाली लिहिलं, 'कोणाला? मुलाला की वडिलांना?' वर्ग छान रंगला. घरी येऊन तिने कागद फाइलमध्ये ठेवून दिला. ठेवला मात्र वरच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांनी चष्मा शोधायचा कंटाळा केला आणि नियमाप्रमाणे वरचा कागद पाकिटात घातला.

पत्रिका नई सडकवरच्या दिग्विजयसिंहांच्या छापखान्यात छापली जाई. दिग्विजयसिंहांना मराठी कळत नसे, पण अक्षरं वाचता येत. मागच्या वर्षी त्यांनी आपल्या मते मजकूर सुधारला होता आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण असं काही हिंदीत गेलं होतं की बायकांबरोबर त्यांचे नवरेही वाण घ्यायला आले. तेव्हा गोविंदरावांनीच त्यांना तासभर झाडलं होतं. त्यामुळे या खेपेस पत्रिकेत छापून आलं ते असं:

'मुलगा, वय चौतीस, राहणार ग्वाल्हेर, इंजिनियर. पुरावा काय? वधू पाहिजे. कोणाला? मुलाला की वडिलांना?'

खाली दफ्तरदारांचा फोन नंबर होता. तो अगदी बरोबर छापला होता.

पहिला फोन पाटणकर बाजारातल्या मंदाताईंचा आला. त्यांचा आवाज भरून आला होता. "गोविंदराव, सापडला का हो?"

"कोण?"

"शंतनु! वय, गाव सगळं दिलंय, फक्त कपड्यांचा रंग द्यायचा राहिला बघा. घरातून भांडून गेला का?"

गोविंदरावांनी पत्रिका उघडली आणि चष्मा लावून जाहिरात दोनदा वाचली. तोवर दुसरा फोन वाजला. एका निवृत्त वकिलांनी ही कायदेशीर नोटीस समजून सल्ला दिला, की मुलगा आपलाच असल्याचा पुरावा मागितला असेल तर घाबरू नका, जन्माचा दाखला पुरतो. मग लीलाताईंचा आला. त्यांनी कोडं सोडवलं होतं. "उत्तर 'वडिलांना', बरोबर ना? बक्षीस कधी मिळेल?" संध्याकाळी एका कवीने अभिनंदन केलं. मुक्तछंद साधलाय, पण शेवट जरा ओढलाय, असं त्याचं म्हणणं पडलं.

प्रांजलीने येऊन सगळं कबूल केलं. पण शिक्षकाची जात, तिला राहवेना. "बाबा, चुकलंच माझं. पण किती गंमत आहे बघा ना! मजकूर एकच, कोणी हरवल्याची सूचना म्हणून वाचतंय, कोणी नोटीस म्हणून, कोणी कविता म्हणून..."

"सूनबाई," गोविंदराव म्हणाले, "धडा पुरे."

ते तरातरा नई सडकवर गेले. दिग्विजयसिंहांनी शांतपणे मूळ कागद काढून दाखवला. "साहब, आपने ही कहा था, अपना दिमाग मत लगाना। जो कटा है वो काटा, जो लिखा है वो छापा।" कागद आपला, अक्षर आपल्याच सुनेचं आणि ताकीदही आपली. गोविंदराव आल्या पावली परत फिरले.

घरी आले तर इंदुताई फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि चक्क हसत होत्या. "हो, हो, रविवारी या. मुलीला घेऊनच या." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "संभाजीराव निकम म्हणून आहेत. मुलगी जनावरांची डॉक्टर आहे, हेमांगी."

"निकम? अगं, लढवय्ये ते! मी स्पष्ट लिहिलं होतं, तसदी घेऊ नये."

"ते कापलं गेलं. आणि एवढ्या फोनांत मुलीला घेऊन येतो म्हणणारे हे एकटेच आहेत. मी येऊ देणार."

रविवारपर्यंत गोविंदरावांनी मनात निकमांचं पूर्ण चित्र काढलं. भरघोस मिशा, दणदणीत आवाज, मांडीवर थाप. इंदुताईंनी त्यात आहाराची भर घातली. शिपाईगड्यांच्या घरचे, खातीलही तसेच, म्हणून त्यांनी पोह्यांची परात भरली आणि वर बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, तळायला घेतल्या.

दारात उभे राहिले ते गळ्याला मफलर गुंडाळलेले एक किरकोळ गृहस्थ. औषधांच्या दुकानात जन्म गेलेला. आवाज इतका हळू की गोविंदरावांना दर वाक्याला "काय म्हणालात?" करावं लागलं. मागे हेमांगी होती. सावळी, धीट, आणि घरात शिरल्यापासून एकेक वस्तू कुतूहलाने निरखणारी.

इंदुताईंनी पोह्यांचा डोंगर असलेली बशी पुढे केली. संभाजीरावांचा चेहरा पडला. ते बशीकडे बघत बसले.

"घ्या ना, संकोच करू नका," गोविंदराव म्हणाले. "तुमच्याकडे भरपूर खायची पद्धत असेल."

"काय झालं," संभाजीराव पुटपुटले, "मी घरून जेवून आलो."

"काय म्हणालात?"

"बाबा जेवून आलेत," हेमांगी मोठ्याने म्हणाली. "आमच्याकडे सगळे सांगत होते, तुम्हा दक्षिणी ब्राह्मणांकडे चमचाभर पोहे आणि अर्धा कप चहा मिळतो. म्हणून त्यांनी आधीच पाच पोळ्या दाबल्या."

प्रांजली स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग इंदुताईच खुदकन हसल्या. "आणि मी तुमच्यासाठी परात भरली. शिपाईगड्यांना पुरे पडायला नको का!"

संभाजीराव कसनुसे हसले. पण त्यांनाही एक प्रश्न विचारायचा होता. "मुलगा," त्यांनी मफलर सैल केला, "अंडं खातो का?"

"छे छे!" गोविंदराव उसळले. "शुद्ध शाकाहारी. मी तसं लिहिलं होतं."

"हजीऱ्यात आमच्या दुकानासमोर अंड्याची गाडी लागते. तिथे रोज दिसतात हे. आमच्याकडे लसूणसुद्धा चालत नाही हो, आजोबांपासून."

गोविंदरावांनी शंतनुकडे पाहिलं. शंतनु पंख्याकडे बघत होता. ज्या शब्दाच्या जोरावर त्यांनी अर्ध्या ग्वाल्हेरला तसदी घेऊ नका म्हटलं होतं, तोच शब्द घरात रोज रात्री आमलेट खाऊन येत होता. त्यांना फार वाईट वाटलं. मुलाने लपवलं याचं वाटलंच, पण मुलाला लपवावं लागलं याचं जास्त वाटलं.

"बाबा, तो विषय नंतर," हेमांगी म्हणाली. "काका, मी खरं तर एका उत्सुकतेपोटी आले. आजवर कितीतरी जाहिराती वाचल्या. सगळ्या सारख्या. तुमच्या जाहिरातीत मात्र एक प्रश्न होता. वधू कोणाला पाहिजे, मुलाला की वडिलांना? उत्तर कुठेच नव्हतं."

गोविंदरावांनी तोंड उघडलं. जाहिरात चुकीची छापली गेली, हे सांगायला उघडलं होतं. पण समोर मुलगा बसला होता आणि त्याने प्रथमच पंख्यावरची नजर खाली आणली होती. तोंड मिटून ते म्हणाले, "शंतनु, सांग बाबा. मलाही ऐकायचंय."

शंतनुने घाम पुसला. "सच कहूँ तो, मला आजवर कुणी विचारलंच नाही. मला हवी आहे. गोरी-बिरी वगैरे माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. रात्री जेवताना जिच्याशी गप्पा मारता येतील अशी हवी. म्हणून तर हजीऱ्यात जाऊन बसतो. तिकडे अंड्यापेक्षा गप्पा जास्त असतात."

"पुरावा काय?" हेमांगीने विचारलं.

"बाहेर कट्ट्यावर चला," शंतनु म्हणाला. "बोलून दाखवतो."

इंदुताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती दोघं कट्ट्यावर गेली ती बराच वेळ आत आली नाहीत. आत दोन्ही वडील पोह्यांची परात मध्ये ठेवून बसले होते. शेवटी गोविंदरावांनी खालच्या आवाजात विचारलं, "निकमसाहेब, तुमच्याकडे भिंतीवर तलवार आहे का हो?"

"होती. भाजी चिरायलासुद्धा चालेना, म्हणून दिली काढून. आणि तुमच्याकडे खरंच अर्धा कप चहा देतात?"

गोविंदरावांनी आत हाक मारली, "अगं, दोन कप चहा. भरून."

सहा-सात महिन्यांनी पत्रिकेसाठी त्यांनी पुन्हा मजकूर लिहिला. साखरपुड्याचा. या वेळी त्यांनी स्वतःच लाल पेन्सिल प्रांजलीच्या हातात दिली आणि चष्मा लावून शेजारी बसले. ती वाचत गेली. घराण्याचं नाव नव्हतं, रंग नव्हता, शाकाहार तर नव्हताच, कारण आता घरात तीन मतांचे लोक जेवणार होते. तिची पेन्सिल एकाच ठिकाणी थांबली.

"बाबा, इथे 'आमचे अत्यंत सज्जन व्याही संभाजीराव' असं आलंय. पुरावा काय?"

"काही नाही," गोविंदराव म्हणाले. "ते माझं मत आहे. खाली सही आहे बघ. राहू दे."

तिने राहू दिलं. मग गोविंदरावांनी उठून आपल्या हाताने वरचा कागद पाकिटात घातला आणि खालचा दफ्तरी लावला.