साडेपाचचा चहा

मंगळवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या तळघरात चाळीस खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि त्यातल्या एकीवर जनीन एंटविसल बसलेली असायची. बाकीच्या खुर्च्यांवर कोणी नाही. ब्रॅकनशॉ गावातल्या मुलांना विद्यापीठाने फुकट शिकवणी द्यायची, अशी ती योजना होती. कागदावर फार गोड दिसायची. पण टेकडीवरची ती इमारत आपल्यासाठी नाही, हे गावाने कापडगिरण्या चालू असल्यापासून ठरवून टाकलं होतं, आणि गिरण्या बंद पडल्या म्हणून काही मत बदललं नव्हतं.

ही योजना सांभाळायला रोझलिंड पेव्हरेल नावाची मुलगी आली होती. वय सव्वीस, घर लंडनच्याही दक्षिणेला, बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. शाळांना फोन करायचे, शिकवणारे गोळा करायचे, खोलीची किल्ली मागायची, खुर्च्या मांडायच्या आणि कोणी न आल्यावर परत उचलायच्या, हे तिचं काम. पोरगी मनाची इतकी चांगली होती की तिच्यावर धड रागावताही यायचं नाही. आमच्या गावाचा तर तोच मुख्य उद्योग.

तिचे साहेब म्हणजे गणिताचे डॉ. आयव्हर प्रॉसर. वेल्सचा माणूस, आवाज खर्जातला, कोट सदा खडूने माखलेला. त्यांनी एके दिवशी तिला शांतपणे सांगितलं की विद्यापीठाच्या समितीला ती खोली तलवारबाजीच्या मंडळाला द्यायची आहे. महिनाअखेर खोली भरली नाही, तर योजना बंद.

"मग जनीनचं काय?" रोझलिंडने विचारलं.

प्रॉसर कोटावरचा खडू झटकायला लागले. जनीनला नर्स व्हायचं होतं आणि गणितात ती एकदा आपटली होती. उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा. तेव्हाही आपटली, तर आईच्या शेजारी बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहायचं, हे घरी ठरलेलं होतं. शिकवणी लावण्याची ऐपत त्या गल्लीत कोणाचीच नव्हती.

म्हणून रोझलिंड शाळेत गेली. सकाळच्या प्रार्थनेनंतर मंचावर उभी राहिली आणि ज्ञान, भविष्य, संधी असं पुष्कळ बोलली. पोरं जांभया देत होती. शेवटी ती धीर एकवटून म्हणाली, "मंगळवारी साडेपाचला या. चहा मिळेल."

सभागृहात एकदम चुळबूळ झाली. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा ताठ बसली. आपल्या भाषणाने मुलं हलली, असं वाटून रोझलिंडचे डोळे भरून आले. परत जाताना बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती म्हणे.

आता रोझलिंडच्या गावी चहा म्हणजे कप, बशी आणि सोबत एखादं बिस्किट. आमच्याकडे पेयालाही चहाच म्हणतात, पण 'चहा मिळेल' असं कोणी म्हणालं, की त्याचा अर्थ संध्याकाळचं जेवण. मटण-बटाट्याची पाई, वाटाणे, वर रस्सा, आणि ताट पुसायला पाव. साडेपाचला गल्लीतून चाललात, तर दर खिडकीतून तळणीचा वास यायचा आणि प्रत्येक आई दारातून पोरांना 'चहा झाला रे' म्हणून ओरडायची. त्या हाकेसाठी अजूनही जीव कासावीस होतो. पण रोझलिंडला हे कोण सांगणार? इतकं साधं कोणी कोणाला सांगत नाही.

मंगळवार उजाडला आणि पाच वाजल्यापासून पोरं टेकडी चढायला लागली. खुर्च्या संपल्या, मग खिडक्यांचे कट्टे संपले. कोणी धाकट्या भावंडांना घेऊन आलं होतं. एकाने तर घरून काटा-चमचा आणला होता. रोझलिंड हरखून गेली. तिने प्रत्येकाच्या हातात कप दिला, कपावर एकेक बिस्किट ठेवलं आणि प्रॉसरांना फळ्याकडे खूण केली.

पोरांनी बिस्किट खाल्लं. चहा प्यायला. पुस्तक कोणी उघडेना. अखेर काटा-चमचावाल्याने हात वर केला. "मिस, चहा कधी?"

"अरे, तुझ्या हातातच आहे की."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जनीन उठून रोझलिंडजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मिस, आमच्यात चहा म्हणजे जेवण. आज कोणाच्याच आईने काही केलेलं नसणार."

रोझलिंड कॅन्टीनकडे धावली. कॅन्टीनला कुलूप. मग तिने इमारतीचा रखवालदार स्टॅन्ली शटलवर्थ याला गाठलं. आपण पुसलेल्या फरशीवरून लोक चालतात, हे त्याचं जन्माचं दुःख होतं. पण पोरं उपाशी आहेत म्हटल्यावर तो चहाची ढकलगाडी घेऊन उताराखालच्या मासे-बटाट्याच्या दुकानाकडे निघाला. येताना तोच चढ, गाडीवर कागदात गुंडाळलेल्या गरम बटाट्यांचा डोंगर, आणि चाकांचं असं केकाटणं की अर्धा गाव दारात आला. पोरांनी यथेच्छ ताव मारला, प्रॉसरांना धन्यवाद दिले आणि घरचा रस्ता धरला. एक गणित झालं नाही. बटाट्यांवरच्या व्हिनेगरचा वास मात्र वरच्या मजल्यापर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी समितीचा निरोप आला. पुढच्या मंगळवारी सहा वाजता समिती स्वतः येऊन पाहणार. मुलं खरोखर शिकताना दिसली तर ठीक, नाही तर खोली तलवारवाल्यांना.

आता मात्र रोझलिंड सावध झाली. जेवण दिल्याशिवाय पोरं येणार नाहीत, हे तिला कळलं होतं. तिने कॅन्टीनच्या बाईंच्या हातापाया पडून सहा वाजताचं जेवण ठरवलं. आणि चहा हा शब्द मेलं तरी उच्चारायचा नाही, असं ठरवून ती पुन्हा शाळेच्या मंचावर उभी राहिली. जनीन त्या दिवशी सर्दीने घरी होती, त्यामुळे तिला टोकणारं कोणी नव्हतं. रोझलिंडने स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "मंगळवारी विद्यापीठात सगळ्यांना डिनर मिळेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्याकडे डिनर दुपारी बाराला असतं.

मंगळवारी बाराची घंटा झाली आणि शाळा ओस पडली. सगळी पोरं रांगेने टेकडी चढून विद्यापीठात हजर. काटा-चमचावाला सगळ्यांत पुढे. रोझलिंड त्या वेळी खुर्च्या मांडत होती. तिने पोरांना पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची तशीच टाकून कॅन्टीनच्या बाईंना गाठलं. कॅन्टीनच्या बाई तोंडाने बडबडत का होईना, पण सहाला द्यायचं ते सगळं दुपारीच शिजवून मोकळ्या झाल्या. पोरं दुसऱ्यांदा वाढून घेत होती, तोवर हेडमास्तर धापा टाकत आले आणि एकेकाला मानेला धरून शाळेत घेऊन गेले. संध्याकाळी एकानेही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा दमही भरला.

साडेपाचला खोलीत पुन्हा चाळीस खुर्च्या आणि एक जनीन. दुपारी ती आलीच नव्हती, म्हणून हेडमास्तरांच्या दमातून सुटली होती. प्रॉसर समितीला आणायला वर गेले होते. जनीन फळ्यावर अपूर्णांकाची बेरीज करत होती.

"हे शेवटचंच ना, मिस?" तिने पाठमोरीच विचारलं.

रोझलिंड उगाच कप मांडायला लागली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तोंडातून निघत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि तिला वाटलं समितीच आली.

ती समिती नव्हती, त्याहून भयंकर होतं. पोरांनी शाळा बुडवल्याची बातमी बिस्किटांच्या कारखान्यात पोचली होती आणि पाळी सुटल्या सुटल्या सगळ्या आया थेट भांडायला आल्या होत्या. अंगात कारखान्याचे पांढरे झगे, डोक्याला जाळ्या. सगळ्यांच्या पुढे जनीनची आई नोरीन.

"हे बघ पोरी," नोरीन रोझलिंडला म्हणाली, "एकदा उपाशी पोरं घरी धाडायला निघालीस. मग भर दुपारी शाळेतून पळवलीस. आता पुढे काय बेत आहे तुझा?"

रोझलिंडने सगळं खरं सांगून टाकलं. चहाचं, डिनरचं, तलवारबाजीचं, आणि थोड्याच वेळात समिती येऊन कुलूप लावणार आहे तेही. मग ती रडायलाच लागली. रडता रडता तिच्या हातून दुसरं काय होणार, तिने सगळ्यांना कपातला चहा ओतून दिला. कपावर एकेक बिस्किट.

बायका दिवसभर उभ्या होत्या. कप हातात आला, तशा खुर्च्यांवर टेकल्या. भांडायला आलेलं माणूस एकदा बसलं की निम्मं भांडण संपतं. नोरीनने फळ्याकडे पाहिलं. "हे काय गं? पाव अधिक एक तृतीयांश. सोपं आहे की. दोन सप्तमांश."

"नाही, आई."

"नाही कसं? वरचे दोन मिळवले, खालचे सात मिळवले."

"आई, दोन सप्तमांश हे एक तृतीयांशापेक्षाही कमी होतं. एक तृतीयांशात पाव आणखी घातला आणि मूळ होतं त्याहून कमी झालं? असं कधी होईल का?"

नोरीनने बोटांवर मोजून पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं की जनीनचं बरोबर दिसतंय. दुसरी म्हणाली, शक्य नाही, शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं. तिसरीने तिला विचारलं, तू शाळेत गेलीस कधी? मग जी काही जुंपली, ती थेट छेदावर. जनीन खडू घेऊन एकेकीला समजावत होती, आणि कपांसह अख्खी खोली पुढे सरकून बसली होती.

त्याच वेळी दार उघडलं आणि समिती आत आली. भरलेली खोली बघून अध्यक्ष गोंधळले. कागद चाळत म्हणाले, "इथे स्थानिक तरुण असं लिहिलं आहे."

"तरुणच आहेत," प्रॉसर गंभीरपणे म्हणाले. "जरा दमलेत, इतकंच."

अध्यक्ष नोरीनपुढे थांबले. "बाई, आपण इथे कशासाठी आलात?"

रोझलिंडने डोळे मिटून घेतले. नोरीनने एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, मग फळ्यापाशी खडू धरून उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडे. लेकीला असं उभं राहिलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"गणित शिकायला," नोरीन म्हणाली. "माझी पोरगी चांगलं शिकवते. पुढच्या मंगळवारीही येणार आम्ही."

खोली तलवारवाल्यांना गेली नाही. जनीन त्या उन्हाळ्यात पास झाली. पण अध्यक्षांसमोर शब्द दिला म्हटल्यावर बायकांना खरंच यावं लागलं, आणि आमच्या बायका शब्दाच्या पक्क्या. दर मंगळवारी त्या कारखान्यातून परस्पर टेकडीवर. त्यामुळे मंगळवारी गावात एकाही घरी गॅस पेटेना. पोरं भुकेने कळवळली आणि आयांना शोधत विद्यापीठात आली. आया म्हणाल्या, हे गणित संपल्याशिवाय कोणी उठणार नाही, लवकर संपवायचं असेल तर बसा आणि मदत करा. पोरं बसली. पुढच्या आठवड्यात दारात टोप्या हातात घेऊन भुकेले बाप उभे होते, आणि स्टॅन्ली शटलवर्थ आपल्या फरशीवरून खुर्च्या ओढत आणत होता.