बारशाची भिंत

पेणमध्ये तीस वर्षं गणपती घडवतोय मी. सोंडेचा तोल सांभाळणाऱ्याला एक भिंत काय जड जाणार? असं मी माझ्या लेकीला, प्रतिक्षाला, छाती फुगवून सांगितलं.

ती बाळंतपणाला आलेली. बाळ नऊ दिवसांचं. रोज दुपारी त्याचा डोळा लागला की शेजारच्या एलियासकाकांकडून सुरू... धूम! धूम! की बाळानं भोकाड पसरलंच!

"बाबा, उद्यापर्यंत हे थांबलं नाय, तर मी चालले रोह्याला सासरी. बारसंही तिकडंच!"

पहिल्या नातवाचं बारसं तिकडं? छे, जमणार नाय!

लगेच कामाला लागलो. मूर्ती ओततो तशीच काकांच्या बाजूला नवी भिंत उभी केली. लाकडी चौकट, तिच्यावर काथ्या-प्लास्टरचा पातळ पत्रा, मागं वीतभर पोकळी.

"आवाज आत अडकून पडतो गो," मी बायकोला समजावलं.

"तुम्ही अडकाल," सगुणा म्हणाली.

दुसरी दुपार. काकांचा टीव्ही ऐकू येईना! खोकला नाय, मिक्सर नाय! मी मिशीला पीळ देतोय तोच... धडूम! फडताळातले डबे नाचले. बारीकसारीक आवाज सगळे अडले होते आणि नेमका तोच दुप्पट झाला होता!

तरातरा शेजारी गेलो. काका दारात, हातात ढोलाची काठी, चेहरा ओशाळलेला.

"ऐकू गेलं होय? अरे, गुपित होतं रे! शाळेत लेझीमला ढोल मीच वाजवायचो. तुझ्या नातवाच्या बारशासाठी हात बसवतोय. माझ्या नातवंडांची बारशी तिकडं इस्रायलला झाली, मोबाईलवर बघितली. हे एक तरी समोर..."

भांडायला गेलेला मी म्हणालो, "काका, झकास वाजवता! चालू द्या!"

घरी प्रतिक्षा बॅग भरत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि झबली परत कपाटात ठेवली.

बारशाच्या दिवशी दमट हवेनं ढोलाचं चामडंच सैल पडलं. फद्! फद्! काकांचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना.

"काका, इथं वाजवा," प्रतिक्षानं माझी भिंत दाखवली. "आत पोकळी, वर पातळ पत्रा. बाबांनी ढोलच तर केलाय!"

काकांनी काठी हाणली. धडूम! अख्खी बिल्डिंग दारात गोळा झाली. काका रडत होते, हसत होते, वाजवत होते. आणि बाळ? पाळण्यात ढाराढूर! इतक्या दिवसांत सवयच झाली होती लबाडाला.

काल बाजारात एकानं मला अडवलं. "तुम्हीच ना ते, ढोल बनवणारे?"

तीस वर्षं गणपती घडवतोय हो मी!