गळाला न लागलेलं आमंत्रण

वागळे इस्टेटमधल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत हरिहर सबनीस कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्या पदाला कुणी आव्हान दिलं नव्हतं. नुकतंच त्यांनी नवं सिक्युरिटी सॉफ्टवेअर घेतलं होतं. माहिती चोरणारे भामटे जसे फसवे मेल पाठवतात, तसेच मेल ते मुद्दाम स्टाफला पाठवायचं. आतल्या लिंकवर जो क्लिक करेल, त्याला शिक्षा म्हणून अर्ध्या तासाचा व्हिडिओ. व्हिडिओत स्वतः हरिहरराव, टाय लावून.

पहिला मेल गेला, ‘गणपतीत जादा सुट्टी. नाव नोंदवण्यासाठी क्लिक करा.’ सगळं ऑफिस जाळ्यात सापडलं.

“सर, सुट्टीच्या नावाने कसली थट्टा करता?” अकाउंट्सच्या विनिताताई रडकुंडीला आल्या. “मी घरी फोन करून सांगितलेलं पण!”

“भामटे दया दाखवतील का? लिंक दिसली की संशय घ्यायचा आणि तक्रारीचं लाल बटण दाबायचं. माझ्या नावाने आली तरी!”

या शेवटच्या वाक्यावर हरिहरराव स्वतःच खूश झाले.

पुढे त्यांनी कल्याणला नवा फ्लॅट घेतला. “वास्तुशांतीला ऑफिसातले सगळे यायला हवेत,” त्यांच्या बायकोने, प्रमोदिनीबाईंनी बजावलं. “इतक्या वर्षांत तुमच्या ऑफिसचं एक माणूस आपल्याकडे जेवलेलं नाही.”

हरिहररावांनी घाईघाईत मेल पाठवला, ‘रविवारी वास्तुशांत. सहकुटुंब या. पत्त्यासाठी इथे क्लिक करा.’

साऱ्या ऑफिसने लाल बटण दाबलं. एकदम एवढ्या तक्रारी आल्यावर सॉफ्टवेअरने हरिहररावांचंच खातं बंद केलं. ते उघडायला व्हिडिओ पूर्ण पाहणं सक्तीचं होतं, आणि तो पुढे पळवायची सोय त्यांनीच काढून टाकली होती. स्वतःचं भाषण ऐकता ऐकता त्यांना डुलकी लागली, तेव्हा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

“अरे, तो मेल खरा होता रे,” त्यांनी सेल्सच्या स्वानंदला सांगितलं.

“मस्त ट्राय, सर! पण आता नाय फसणार आम्ही.”

मालकीण क्षिप्रा मॅडमनी तर पाठच थोपटली. “सबनीस, कल्पना सुंदर होती. पण तुम्ही घरी जेवायला बोलावताय म्हटल्यावर मला लगेच कळलं, काहीतरी खोटं आहे.”

हरिहररावही हसले. जागेवर येऊन बसल्यावर मात्र त्यांना हसू येईना. मग प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी कागदावर लिहिलेला पत्ता दिला आणि चक्क हात जोडले. “बघू हं, सर,” एवढंच सगळे म्हणाले.

रविवारी पूजा आटोपली, मसालेभात निवायला लागला, तरी ऑफिसचं कुणी फिरकलं नाही. सोवळ्यातले हरिहरराव तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला, ‘गेटवर पाहुणे आले आहेत. आत सोडण्यासाठी लिंक दाबा.’

“बघितलंस?” ते बायकोला म्हणाले. “भामट्यांना आपली वास्तुशांतसुद्धा कळली!” मेसेज उडवला. पुन्हा आला, पुन्हा उडवला. मग अनोळखी नंबरवरून फोन.

“सर, मी स्वानंद. वॉचमनच्या फोनवरून बोलतोय. ती लिंक दाबा ना!”

“आवाज छान काढलायस,” हरिहरराव म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

“अहो,” बाल्कनीतून प्रमोदिनीबाईंची हाक आली, “खाली उन्हात ही कोण मंडळी उभी आहेत? एक जण वर बघून हातवारे करतोय.”

हरिहरराव तसेच अनवाणी खाली धावले. गेटबाहेर सगळं ऑफिस मुलाबाळांसकट घामाघूम उभं होतं.

“लिंक नाही दाबलीत?” विनिताताई गजांमधून म्हणाल्या. “शाब्बास, सर!”

“माझ्याइतका बिनडोक माणूस कॉम्प्युटर विभागात दुसरा नाही,” हरिहरराव म्हणाले. “विभागात मी एकटाच आहे, ते सोडा.”

पलीकडे हशा पिकला. वॉचमन मात्र ढिम्म होता. “साहेब, सोसायटीचा नियम आहे. परत मेसेज पाठवतो.”

मोबाइल वाजला. निळ्या लिंकवर हरिहररावांचा अंगठा अधांतरी थांबला. इतक्या वर्षांची सवय काही सुटेना.

“दाबा, सर, दाबा!” सगळं ऑफिस ओरडलं.

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दाबली.