दिवसाला एक टिंब

आमच्या शेजारचे नत्थूजी लॉकडाऊनमध्ये दिवसातून एकदाच हातोडी मारायचे. एकच. टक! मग दुसऱ्या दिवसापर्यंत चूप. दुसरी टक आता येईल, मग येईल, या धास्तीनं माझंच डोकं उठायचं.

आमच्या भंडारा शहरात पितळेचं भांडं घेतलं की नाव टाकायला लोक नत्थूजींकडे यायचे. छिन्नी टेकवून बारीक बारीक टिंबं मारत ते 'सप्रेम भेट' असं देखणं उतरवत, की भांड्यात पाणी भरायला मन होऊ नये. मग लग्नं थांबली, भांडी थांबली आणि या बाप्पाच्या हाती मोबाईल आला. गळ्यातल्या पिशवीत मोबाईल, आंघोळीला प्लास्टिकच्या थैलीत मोबाईल. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी वंदना नागपूरला नर्स. घरात टोकणारं कोणी नाही. भात करपल्याचा वास मला यायचा, त्यांना नाही.

"गुरुजी, आज कुठंकुठं ऑक्सिजन संपला, पाह्यलं का? खबर ताजी पायजे बाप्पा!" हे सकाळी सकाळी, कुंपणावरून. मग दिवसभर काढ्याचे व्हिडिओ, वाफेचे व्हिडिओ आणि मेलेल्यांचे फोटो. एकदा माझ्याच नावाच्या कोणाची तरी श्रद्धांजली मलाच पाठवली, वर विचारलं, "हे तुमी नाई ना?"

हसायचो मी. पण माणूस वाळत चालला होता. डोळे लाल झालेले. मी पडलो मास्तर, वर्गात पोरांचे मोबाईल जप्त करणारा. शाळा बंद असल्यानं हात शिवशिवतच होते. एका सकाळी म्हटलं, "आजचा दिवस तो मोबाईल माझ्याकडे. डोक्याला आराम पडेल."

ते नाही नाही म्हणत राहिले. मी आवाज चढवला, तशी पिशवी काढून त्यांनी कुंपणावर ठेवली. मी ती कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि मोठं पुण्य केल्यासारखा जेवलो.

संध्याकाळी चहा घेताना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. टक झालीच नव्हती. बाहेर आलो तर नत्थूजी कुंपण धरून उभे.

"गुरुजी, वंदू ऑनलाइन दिसली का?"

"अहो, मग फोन करा ना तिला!"

"कायले? कोरोनाच्या वॉर्डात ड्युटी हाये तिची. माझा आवाज आयकला का रडते, मंग झोपत नाई. ड्युटी सुटली का पाच मिंटं ऑनलाइन येते, तेवढंच पाहतो. तवर जीव लागत नाई, म्हणून बाकीचं पाहत राहतो."

त्यांच्या हातात पितळेचा नवा गुंड होता, पाणी भरायचा, तिच्या लांबलेल्या लग्नासाठी घेतलेला. त्यावर टिंबाटिंबांनी 'वं' पुरा झाला होता, 'द' अर्धा.

"ते दिसली का एक टिंब मारतो. आजचं राह्यलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नेमकी तेव्हाच कपाटाची किल्ली सापडेना. सापडली, तसा मोबाईल नेऊन त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उघडून माझ्यासमोरच धरला, "तुमीच पाहा." वंदूचा मेसेज होता.

"बाबा, मी रोज पाहते. आज दिवसभर ऑनलाइन नाही दिसले तुम्ही. बरे आहा ना?"

मी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'हाव, बरा हाये', आणि गुंड छातीशी धरून घरात गेले.

मी कुंपणापाशीच थांबलो. टक ऐकली, मगच घरात आलो.